धुराचा अर्थ : जुन्या डिझेल ट्रकच्या निदानाची भिवंडीतील भाषा

न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आरंभीच एक डोंगर दाखविण्यात येतो, आणि त्या डोंगरावर हटकून धूर असतो. धूर आहे त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे. स्वयंपाकघरात आपण ही दोन्ही एकत्र पाहिलेली आहेत. तळ्यात अग्नी नसतो आणि धूरही नसतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने आपल्या ‘तर्कसंग्रहा’त हे उदाहरण घेतले, शास्त्रात ते त्याच्याही पुष्कळ आधीपासून रूढ होते. भिवंडीच्या मोटार-दुरुस्तीच्या गॅरेजात मात्र हा डोंगर कामास येत नाही. तेथे अग्नी आहे हे सर्वांस आधीच ठाऊक असते, कारण इंजिन चालू असते. धूर पाहून जे ठरवावयाचे ते निराळेच : आत जळते आहे ते काय, किती जळते आहे, आणि जे जळावयास नको ते कोणत्या वाटेने आत आले. हे अनुमान कसे केले जाते आणि ते ज्या शब्दांत केले जाते त्या शब्दांमुळे ते कोठे चुकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक कबुली देणे उचित होईल. मी यंत्रज्ञ नव्हे. व्यावसायिक बोलींतील परिभाषा टिपावयाच्या हेतूने मी भिवंडीस जाऊ लागलो तो यंत्रमागाच्या शब्दांसाठी; ट्रकच्या गॅरेजांत मी पोहोचलो तो सुताची बाचकी आणि कापडाच्या गाठी वाहणाऱ्या गाड्यांच्या मागोमाग. ह्या गावी मागांचा उद्योग आणि वाहतूक ह्यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली ह्या बाजूंना गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत, आणि अंजूर फाटा किंवा वंजारपट्टी नाका येथे अर्धा तास उभे राहिल्यास आपल्या देशातील ट्रकांचा सारा वंशवृक्ष डोळ्यांपुढून जातो. अगदी नव्या गाड्यांतील दोष संगणक सांगतो. माझा विषय त्या नव्हेत. ज्यांचा इंधनपंप यांत्रिक आहे, ज्यांत एकही संवेदक नाही, अशा जुन्या गाड्या येथे अजून दिसतात, आणि त्यांच्या बाबतीत धूर, आवाज, वास आणि तेलाची काठी एवढीच काय ती साक्ष असते.

गॅरेजची भाषा म्हणावयाची तर ती एकच एक भाषा नव्हे. मालक आगरी मराठी बोलतो, मिस्त्री पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकर घराण्यातला असतो, पंपाचे काम करणारा तेलुगुभाषक असू शकतो. व्यवहार चालतो तो मुंबईच्या हिंदीत, आणि यंत्राच्या भागांची नावे इंग्रजी असतात. परंतु नावे इंग्रजी असली तरी क्रियापदे देशी आहेत, आणि निदान सारे क्रियापदांत असते. गाडी धूर ‘मारते’ किंवा ‘सोडते’, डिझेल ‘पिते’, पाणीही ‘पिते’, ऑईल मात्र ‘खाते’, हवा ‘घेते’, चढणीला ‘उचल घेत नाही’. तेलाच्या टाकीला ‘चेंबर’ म्हणतात. पिस्टनच्या कड्यांना ओलांडून चेंबरमध्ये उतरणाऱ्या वायूस इंग्रजी यंत्रशास्त्रात ‘ब्लो-बाय’ अशी संज्ञा आहे. गॅरेजात त्यासाठी ‘बॅक कॉम्प्रेशन’ हा शब्द आहे. दोन्ही घटक इंग्रजी, पण समास येथला. जो दाब वर राहावयाचा तो मागे फिरला, हा अर्थ त्यात इतका स्वच्छ दिसतो की मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा मला तोच अधिक पसंत आहे.

आता धुराकडे वळू. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. रुडॉल्फ डिझेल जन्मला १८५८ साली. साहजिकच त्या कोशाला ह्या धुराची वार्ता नाही. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन नुसती हवा दाबतो, ती दाबली गेल्याने पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे लिटरभर डिझेलला ढोबळ मानाने दहा घनमीटर, एका लहानशा खोलीतील निम्म्याअधिक हवा. ह्या वर्णनात तीन अटी दडलेल्या आहेत : हवा पुरेशी हवी, ती पुरेशी तापलेली हवी, आणि जळणारा पदार्थ डिझेलच असावयास हवा. तीन रंगांचे धूर हे ह्या तीन अटींच्या भंगाचे आहेत. काळा धूर पहिलीच्या, पांढरा दुसरीच्या, निळा तिसरीच्या.

काळ्याचे काम त्यातल्या त्यात सोपे. इंधन आहे, उष्णता आहे, पण प्राणवायू पुरत नाही. मग कार्बन न जळता काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. हवा कमी पडली की इंधन जास्त झाले, एवढाच प्रश्न उरतो. एअर क्लीनर चोंदलेला असणे हे पहिले कारण, आणि सर्वांत स्वस्तही. दुसरे, नोझल फवारा न करता थेंब टाकते, ज्यास ‘नोझल टिपकते’ असे म्हणतात. तिसरे, कोणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून इंधनाचे माप वाढवून ठेवलेले असते, कारण कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना तेवढीच ताकद अधिक मिळते. ह्या तिसऱ्या कारणास दोष म्हणावे की नाही, ह्यावर चालक आणि शासन ह्यांचे एकमत होणे कठीण आहे. चढणीवर चुकीच्या गियरमध्ये रेटलेली निर्दोष गाडीदेखील काळा धूर सोडते, हेही ध्यानात ठेवावे. काळ्या धुराने इंजिन लगेच मरत नाही. डिझेल वाया जाते, आणि मागच्या माणसाच्या छातीत काजळी जाते. डिझेलच्या धुरास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली मानवास निश्चितपणे कर्ककारक अशा वर्गात घातलेले आहे. गॅरेजमध्ये दिवसभर सायलेन्सरच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या पोरांना हे कोणी सांगितलेले मला दिसले नाही.

पांढऱ्या धुरापाशी आपल्याला पुन्हा नैयायिकांची आठवण होते. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, असे ते सांगतात. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीबरोबर धूर यावयाचा तर सरपण ओले असावे लागते. ह्या दडलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. पांढरा धूर म्हणजे अक्षरशः ओल्या सरपणाचा धूर होय. इंधन फवारले गेले, पण आतली हवा पुरती तापलेली नसल्याने ते पेटले नाही, त्याची वाफ झाली आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब झाले. इगतपुरीच्या मुक्कामानंतर थंडीच्या पहाटे गाडी चालू केली की दोनचार मिनिटे असा धूर दिसतो आणि इंजिन तापताच नाहीसा होतो. त्याची चिंता करू नये. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर मात्र विचार करावा : इंधन उशिरा फवारले जात असेल, म्हणजे टायमिंग मागे पडले असेल, किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नसेल.

परंतु पांढऱ्याचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो अधिक महाग. हेडचे गॅस्केट फुटले किंवा हेडला चीर गेली म्हणजे रेडिएटरचे पाणी सिलिंडरात उतरते आणि वाफ होऊन बाहेर पडते. दोहोंचा रंग एकच. फरक डोळ्यांना नव्हे, नाकाला कळतो. न जळलेल्या डिझेलचा धूर उग्र असतो, डोळ्यांत झोंबतो आणि रस्त्यावर रेंगाळतो. पाण्याची वाफ झोंबत नाही आणि थोड्याच अंतरावर विरून जाते. शंका असल्यास थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढावे, गाडी चालू करावी आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहावे. काठीवरचे ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी चेंबरपर्यंत पोहोचलेले आहे, आणि मग गाडी पुढे एक किलोमीटरही नेऊ नये.

निळ्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण भाषेचा आणि पैशाचा घोटाळा होतो तो येथे. निळा धूर म्हणजे जळलेले, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर अर्धवट जळून वाफ झालेले, वंगणाचे तेल. त्या तेलाला स्वतःचा निळा रंग नसतो. त्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक असतात, आणि असे कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पुष्कळ अधिक विखुरतात. आकाश निळे दिसते तेही ह्याच जातीच्या विखुरण्याने. विडीच्या पेटत्या टोकाचा धूर निळसर असतो आणि तोंडातून सोडलेला पांढुरका असतो, कारण तोंडातील ओलाव्याने कण फुगतात. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ह्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. हा निळेपणा मागे काळोखी भिंत किंवा झाड असेल तेव्हाच दिसतो. तोच धूर उजळ आभाळासमोर धरला तर तो मळकट तपकिरी भासतो, कारण मग आपण विखुरलेला प्रकाश न पाहता आरपार आलेला पाहतो. दोन माणसे एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभी राहून धुराच्या रंगावरून भांडू शकतात आणि दोघेही खरे बोलत असतात. म्हणून धूर पाहावयाचा तो काळ्या ताडपत्रीच्या किंवा भिंतीच्या पार्श्वभूमीवर, सूर्य पाठीशी न घेता, आणि इंजिन पुरते तापल्यावर.

मराठीने ह्या बाबतीत निरीक्षकाची चांगली सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे काळा, पांढरा, निळा ही नावे आहेतच. पण त्यांच्या शेजारी काळपट, पांढुरका, निळसर अशी दुसरी एक ओळ आहे, आणि काळाकुट्ट, पांढराफटक, निळाशार अशी तिसरी. धुराच्या वर्णनात ह्या तीन ओळींचा वापर मला फार नियमित आढळला. काळा धूर ‘काळाकुट्ट’ होऊ शकतो, पांढरा ‘पांढराफटक’ होऊ शकतो, पण ‘निळाशार धूर’ मी एकदाही ऐकला नाही. निळा हा नेहमी ‘निळसर’च. बोलणाऱ्याने भौतिकशास्त्र शिकलेले नसते. तरी निळेपण हे त्या पदार्थाचे नसून त्याच्यावर आलेली छटा आहे, हे त्याच्या प्रत्ययाने ओळखलेले दिसते. उलट गॅरेजच्या हिंदीत ‘नीला’ एवढेच उरते, आणि छटा गळून पडते.

कायद्याला तर रंगाशी कर्तव्यच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ वा नियम धुराची दाटी मोजतो. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके, भारत स्टेज चारच्या गाड्यांना ५०. उभ्या गाडीला एकदम रेस देऊन यंत्रात धुरातून प्रकाश किती अडतो एवढे पाहतात. गाडीला प्रदूषणाचा दाखला मिळाला म्हणजे ती ऑईल खात नाही असा निष्कर्ष काही मालक काढतात. तो निराधार आहे. उभ्या गाडीच्या क्षणिक परीक्षेत काळी काजळी पकडली जाते. सावकाश झिरपणारे तेल त्या परीक्षेतून सहज निसटू शकते.

आता ‘खाणे’ ह्या क्रियापदाचा विचार करू. ‘गाडी ऑईल खाते’ ह्या वाक्याचे मी तीन निरनिराळे अर्थ टिपले आहेत. पहिला : काठीवरची पातळी उतरते, ऑईल वरचेवर ओतावे लागते. दुसरा : सायलेन्सरातून निळसर धूर येतो. तिसरा : पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले आहेत, इंजिन बांधावयास झाले आहे. पहिला अर्थ मोजणीचा आहे, दुसरा दर्शनाचा, तिसरा निदानाचा. पुष्कळदा तिन्ही एकत्र असतात, आणि म्हणूनच एका वाक्याने तिघांचे काम भागते. पण ते नेहमी एकत्र असतीलच असे नाही. पॉल ग्राइस ह्या तत्त्वज्ञाने १९५७ च्या आपल्या निबंधात नैसर्गिक अर्थ आणि सांकेतिक अर्थ ह्यांत भेद केला : अंगावरचे पुरळ गोवराचा ‘अर्थ’ वाहते ते एका प्रकारे, आणि शब्द अर्थ वाहतो तो दुसऱ्या प्रकारे. धूर हे नैसर्गिक चिन्ह आहे. ते खोटे बोलू शकत नाही. ‘ऑईल खाते’ हे वाक्य आहे. ते खोटे ठरू शकते. घोटाळा होतो तो मालक चिन्ह पाहतो, वाक्य बोलतो, आणि मिस्त्री ते वाक्य ऐकून इंजिन उघडतो तेव्हा.

ह्यासाठी वाक्याला प्रथम आकड्यात बसविले पाहिजे. वंजारपट्टी नाक्याच्या बाजूला काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींचा ह्या बाबतीत एकच प्रश्न असे : “कितने में कितना?” कितीला किती, म्हणजे किती किलोमीटरला किती ऑईल. हा प्रश्न ऐकताच दहापैकी नऊ मालक गप्प होतात. मोजण्याची रीत साधी आहे. सपाट जागी गाडी उभी करावी, इंजिन बंद करून ऑईल खाली उतरण्यास निदान पंधरावीस मिनिटे द्यावीत, वरच्या खुणेपर्यंत भरावे, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, आणि हजार किलोमीटरांनंतर त्याच जागी, तितकाच वेळ थांबून, किती ओतावे लागते ते मापाने पाहावे. जुन्या इंजिनांच्या बाबतीत तेलाचा खप जाळलेल्या डिझेलच्या प्रमाणात पाहण्याची पद्धत आहे. शेकडा अर्ध्याच्या आसपास असेल तर वय पाहून सोडून द्यावे, एकाच्या वर जाऊ लागला तर कारण शोधावे, असा ढोबळ नियम. लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल जाळते. तिने सव्वा लिटर ऑईल घेतले तर ते शेकडा अर्धा झाले. ‘हजाराला लिटर ओतावं लागतं हो’ ह्या वाक्यातील हताश सूर हा त्या आकड्याला शोभणारा नसतो.

खप खरोखरच अधिक आहे असे ठरल्यावर पुढचा प्रश्न वाटेचा. तेल बाहेर गळत असेल तर धूर नसतो. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवावा, सकाळी तो वाचावा. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ऑईलवर चालतो, त्याच्या रिंगा झिजल्या म्हणजे ऑईल हवेच्या टाकीत जमते. टाकीचा खालचा नळ सोडला की ते पाण्याबरोबर बाहेर येते, आणि ही वाट हटकून विसरली जाते. रिंगा आणि लायनर झिजले असतील तर निळसर धूर वजन आणि रेस ह्यांबरोबर वाढत जातो, आणि त्याचा साक्षीदार दुसरीकडे असतो : ऑईल भरण्याचे झाकण काढून तळहात धरला असता जोराचा दाब लागतो, ब्रीदर फुसफुसतो, कधी ऑईल फेकतो. हेच ते बॅक कॉम्प्रेशन. दाब एकसारखा न लागता ठोक्याठोक्याने लागला तर सगळी सिलिंडरे नव्हेत, एखादेच गेले आहे असे समजावे. वाल्व्हच्या गाईड झिजल्या असतील तर गाडी बराच वेळ उभ्याने चालू ठेवून मग रेस दिली असता निळसर लोट येतो आणि विरतो. येथे पेट्रोल गाड्यांवर शिकलेल्या माणसाची एक चूक नोंदवण्याजोगी आहे. उतारावर पाय काढल्यावर निळा धूर आला की गाईड गेल्या, हा नियम पेट्रोलचा. तेथे हवेच्या वाटेवर झडप असते आणि ती मिटली की आत जोराची ओढ निर्माण होते. जुन्या डिझेलला बहुधा ती झडपच नसते. नियम एका भाषेतून दुसरीत जसाच्या तसा नेल्यावर जे होते तेच येथे होते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सील, आणि त्याहीपेक्षा त्याची ऑईल परतीची नळी चोंदणे, ही आणखी एक वाट.

आणि एक उलटा प्रकार. पातळी उतरत नाही, उलट वाढते, मालक खूश असतो. डिझेल खाली उतरून ऑईलमध्ये मिसळत असते. काठीवरचा थेंब बोटांत चोळून पाहावा. तो पातळ लागतो आणि त्याला डिझेलचा वास येतो. अशा इंजिनाची बेअरिंगे फार दिवस टिकत नाहीत.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गानंतर मला विचारले, “सर, वडिलांच्या गाडीचं फुल इंजिन सांगितलंय. तुम्ही त्या लोकांकडे जाता ना?” वडील स्वतः मालक आणि स्वतःच चालक, गाडी वीस वर्षांहून जुनी, सहा सिलिंडरांची, टर्बो नसलेली. क्रँकला हात न लावता केलेले इंजिनाचे काम ते ‘हाफ’, क्रँकसकट केलेले ते ‘फुल’. ‘फुल’चा खर्च लाखाच्या घरातला, शिवाय गाडी उभी राहील ते दिवस वेगळे. कर्जाची बोलणी झाली होती, आणि त्या कर्जात ह्या मुलाच्या पुढील शिक्षणाचा पैसाही गुंतणार होता, हे त्याने सांगितले नाही तरी मला समजले.

मी वडिलांना त्या वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेलो. वडिलांनी आरंभच केला तो, “मिस्त्री, गाडी ऑईल खातेय,” असा. नेहमीचा प्रश्न आला : कितीला किती? वडील म्हणाले, ते पाहिलेले नाही, पण धूर पाहा ना. धूर खरोखर होता. रेस दिल्याबरोबर निळसर लोट भिंतीवर चढला. पहिल्या गॅरेजने हाच धूर पाहिला होता, हेच वाक्य ऐकले होते, आणि गाडीचे वय पाहून तिसरा अर्थ घेतला होता. मिस्त्रींनी झाकण काढून हात धरला; दाब होता, पण ह्या वयाच्या इंजिनाला असावा तेवढाच. मग त्यांनी विचारले की धूर हळूहळू वाढला की एकदम आला. वडील विचार करून म्हणाले, एकदम. नाशिकच्या फेरीनंतर, सर्व्हिसिंग झाल्यावर. रिंगा एका फेरीत झिजत नाहीत. मिस्त्रींनी ऑईल खुणेपर्यंत भरले, तीनशे किलोमीटर गाडी चालवून परत या म्हणाले, आणि त्यापेक्षा अधिक काहीही केले नाही.

गाडी परत आली तेव्हा धूर तसाच होता आणि काठीवरची खूण जवळजवळ जागच्या जागी होती. येथे खरे अनुमान झाले. निळसर धूर आहे, म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. चेंबरमधले तेल उतरलेले नाही. काठीवरच्या ऑईलला डिझेलचा वास नव्हता, म्हणजे उतरलेल्या तेलाची जागा दुसऱ्या कशाने भरून काढलेली नाही. तेव्हा जळणारे तेल चेंबरमधले नव्हेच. ह्या जुन्या बांधणीच्या गाडीत चेंबरच्या बाहेर तेल असते ते एकाच जागी : ऑईल-बाथ एअर क्लीनरच्या वाटीत, जेथे आत येणारी हवा तेलावरून नेऊन तिच्यातील धूळ पकडली जाते. वाटी उघडली. तेल खुणेच्या बोटभर वर होते. सर्व्हिसिंगच्या वेळी कोणा पोराने, अधिक ओतले तर अधिक चांगले अशा समजुतीने, ती काठोकाठ भरली होती, आणि रेस वाढली की हवेच्या झोतासरशी ते तेल इंजिनात ओढले जात होते. हे केवळ खर्चाचे प्रकरण नव्हते. असे तेल एकदम पुष्कळ आत गेले तर इंजिन त्यावरच धावू लागते, चावी किंवा पंप बंद करूनही थांबत नाही, आणि हवेचे तोंड बंद केले नाही तर स्वतःस फोडून घेते.

वाटी धुऊन खुणेपर्यंत भरली गेली. हवेच्या नळीत माखलेले तेल जळून जाईपर्यंत आणखी एक दिवस धूर आला, मग थांबला. त्यानंतर मिस्त्रींनी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या नटा एकेक करून किंचित ढिल्या केल्या आणि इंजिनाचा आवाज ऐकला : ज्या सिलिंडरचे इंधन तोडल्यावर आवाज पडत नाही ते सिलिंडर आधीच काम करीत नसते. सहाही ठिकाणी आवाज पडला. ही परीक्षा फक्त जुन्या यांत्रिक पंपाची; नव्या कॉमन-रेल गाड्यांत हजारांहून अधिक बारचा दाब असतो आणि ढिल्या नटीतून उडालेली धार कातडी भेदून आत जाते, म्हणून तेथे हात लावू नये. जुन्या गाडीतही बोट त्या धारेसमोर धरू नये.

पहिल्या गॅरेजवर मी दोष ठेवीत नाही. त्यांनी ऐकलेल्या वाक्याचा सर्वांत संभवनीय अर्थ घेतला, जसा आपण सर्वजण दिवसभर घेत असतो. वडिलांनी पुढे हजार किलोमीटरांची मोजणी केली तेव्हा खप एक लिटरच्या आत भरला. आता त्यांच्या गाडीत काचेजवळ एक वही असते. तिच्या दोन रकान्यांवर विद्यार्थ्याच्या अक्षरात ‘कितीला’ आणि ‘किती’ असे लिहिलेले आहे.